नोंदवही, अर्ज आणि खिडकीवरचा कारकून

(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेला साठ वर्षे झाली की तिची संपत्ती दोन ठिकाणी साठलेली असते. पहिली, तिथून शिकून गेलेल्या माणसांत. आणि दुसरी, कार्यालयातल्या कपाटात रचून ठेवलेल्या दाखल-खारीज नोंदवह्यांत. जनरल रजिस्टर या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या त्या वह्यांत प्रत्येक मुलाची एक आडवी ओळ असते: नोंदणी क्रमांक, नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाचा दिनांक, शाळा सोडल्याचा दिनांक आणि सोडण्याचे कारण. महोत्सवी वर्षात या दोन संपत्तींची गाठ घालावी, असे प्रत्येक संस्थेला वाटते. त्यासाठी आज पहिले पाऊल उचलले जाते ते संकेतस्थळावरील नोंदणी अर्जाचे. ‘माजी विद्यार्थ्यांनी येथे माहिती भरावी’ अशी ओळ झळकते, खाली आठ-दहा चौकटी असतात आणि शेवटी ‘पाठवा’ हे बटण असते.

असा अर्ज एका संध्याकाळीत तयार होतो. तथापि त्या अर्जामागे जे उभे राहते, ते नीट उभे राहिले नाही तर दोन-तीन वर्षांत त्या माहितीचे काय होते, हे अनेक संस्थांनी अनुभवले आहे. एकाच माणसाची तीन नावांनी तीन वेळा नोंद होते. लग्नानंतर नाव बदललेली विद्यार्थिनी कोणत्याच यादीत सापडत नाही. ज्या उत्साही तरुणाने अर्ज तयार केला तो परगावी जातो आणि त्याच्यामागे त्या प्रणालीला हात लावण्याचे धाडस कोणी करत नाही. पुढच्या समारंभासाठी पुन्हा नवा अर्ज, पुन्हा तीच माहिती. साठ वर्षांची माणसे अशा रीतीने दुसऱ्यांदा हरवतात. या हरवण्यावर संगणकशास्त्रात एक जुना आणि साधा उपाय आहे. ‘मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर’ किंवा संक्षेपाने ‘एमव्हीसी’ असे त्याचे नाव. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच.

या रचनेचा जन्म वेबच्या आधीचा आहे. ट्रिग्वे रेन्स्काउग हे नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ १९७८-७९ मध्ये अमेरिकेतील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात पाहुणे म्हणून गेले होते. तत्पूर्वी नॉर्वेत त्यांनी जहाजबांधणीच्या कामासाठी संगणक प्रणाली उभारल्या होत्या. जहाजासारखी गुंतागुंतीची वस्तू बांधताना आराखडा करणारा, पोलाद कापणारा आणि वेळापत्रक सांभाळणारा असे अनेक लोक एकाच माहितीकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात. माणसाच्या मनात त्या वस्तूचे जे चित्र असते आणि संगणकाच्या पोटात जी माहिती असते, या दोहोंमधील अंतर कसे मिटवावे, हा रेन्स्काउग यांच्यापुढचा प्रश्न होता. स्मॉलटॉक या भाषेत काम करताना १९७९ साली त्यांनी त्याचे उत्तर टिपणरूपाने मांडले. आरंभीच्या टिपणात शब्दरचना निराळी होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरमधील टिपणात मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर ही तीन नावे स्थिर झाली.

वेबवरील अर्ज पुढे नव्वदीच्या दशकात आले. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० या प्रमाणात अर्जाच्या चौकटींना अधिकृत स्थान मिळाले. त्या काळातील बहुतेक प्रणालींत एकाच फाइलमध्ये सारे काही असे: चौकटी दाखवणे, आलेली माहिती तपासणे, ती साठवणे आणि आभार मानणे. काम लहान असेपर्यंत हे चालले. पाने वाढली तशी एक चौकट बदलायला गेले की साठवणुकीचा भाग मोडू लागला. मग १९७९ चा विचार वेबच्या जगात नव्या रूपात आला. २००० सालच्या सुमारास जावा भाषेत स्ट्रट्स, २००४ मध्ये रुबी भाषेत रेल्स, २००५ मध्ये पायथन भाषेत जँगो आणि २०११ मध्ये पीएचपी भाषेत लाराव्हेल अशा चौकटप्रणाली आल्या. नावांत थोडा फरक आहे. जँगोमध्ये ज्याला ‘व्ह्यू’ म्हणतात तो कंट्रोलरचे काम करतो आणि दिसणाऱ्या पानाला ‘टेम्प्लेट’ म्हणतात. विभागणीचे तत्त्व मात्र सर्वत्र एकच आहे.

ते तत्त्व समजण्यासाठी शाळेच्या कार्यालयापलीकडे जाण्याची गरज नाही. कार्यालयात तीन गोष्टी वेगळ्या असतात. पहिली, नोंदवही आणि तिचे नियम. एकच नोंदणी क्रमांक दोन मुलांना दिला जात नाही. नोंद खोडून नाहीशी केली जात नाही. दुरुस्ती झाली तर तिच्यावर मुख्याध्यापकांची सही लागते. नोंदवही आणि हे नियम मिळून झाले मॉडेल. दुसरी गोष्ट म्हणजे कागद: प्रवेशाचा छापील अर्ज, शाळा सोडल्याचा दाखला, वर्गाचे हजेरीपत्रक. माहिती तीच, कोणाला काय आणि कसे दाखवायचे ते निराळे. हा झाला व्ह्यू. तिसरी गोष्ट, खिडकीवर बसलेला कारकून. तो अर्ज घेतो, नोंदवहीच्या नियमांत तो बसतो की नाही हे पाहतो, बसला तर नोंद करून पोच देतो, न बसला तर काय राहिले ते सांगून कागद परत करतो. हा झाला कंट्रोलर.

कारकून मनाने नियम बनवत नाही. छापील अर्ज स्वतः नोंद करत नाही. नोंदवहीला खिडकीवर कोण उभे आहे याची फिकीर नसते. तिघांनी आपापली मर्यादा पाळली की कारकून निवृत्त झाला तरी नोंदवही राहते, आणि अर्जाचा नमुना बदलला तरी जुन्या नोंदी तशाच वाचता येतात. एमव्हीसीचे सारे सार एवढेच आहे.

आता माजी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची एक साधी प्रणाली बांधायची झाली तर आरंभ कोठून करावा? बहुतेक जण अर्जाच्या चौकटींपासून करतात, कारण त्या डोळ्यांना दिसतात. आरंभ मॉडेलपासून, म्हणजे नोंदवहीपासून करावा. संगणक उघडण्यापूर्वी कागदावर एकच प्रश्न लिहावा: या शाळेच्या दृष्टीने ‘माजी विद्यार्थी’ म्हणजे कोण, आणि त्याच्याविषयी खरे असे काय काय असू शकते?

प्रश्न सोपा वाटतो. नावाशीच तो अडखळतो. परदेशी नमुन्यावरून उतरवलेल्या अर्जांत पहिले नाव आणि शेवटचे नाव अशा दोन चौकटी असतात. मराठी नावाची घडण स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी त्रिपदी असते. ज्या विद्यार्थिनीने लग्नानंतर नाव बदलले, तिची नोंद शाळेच्या वहीत माहेरच्या नावाने आहे, तिच्या वर्गमैत्रिणी तिला त्याच नावाने शोधणार आहेत आणि तिचा आजचा पत्रव्यवहार मात्र सासरच्या नावाने चालतो. काही घरांत नावही बदलले जाते, केवळ आडनाव नव्हे. अर्जात नावाची एकच जागा ठेवली, तर ती आजचे नाव लिहील आणि तिची चाळीस वर्षांपूर्वीची ओळख त्या प्रणालीतून पुसली जाईल. म्हणून मॉडेलमध्ये व्यक्ती हा एक तक्ता आणि तिची नावे हा दुसरा तक्ता असावा. एका व्यक्तीला अनेक नावे असू शकतात आणि प्रत्येक नावापुढे ‘शाळेतील’ किंवा ‘सध्याचे’ असा प्रकार लिहिलेला असतो. शोध घेताना दोन्ही नावे तपासली जातात. हा निर्णय अर्जाच्या रंगरूपाचा नाही. नोंदवहीत कोणाला जागा आहे आणि कोणाला नाही, हे ठरवणारा हा निर्णय आहे.

शाळेतील काळाचेही तसेच. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांना तर हा अनुभव विशेष परिचयाचा असतो. वडील रेल्वेत, बँकेत किंवा लष्करात नोकरीला. बदली झाली की मूल चौथीत शाळा सोडते आणि तीन वर्षांनी पुन्हा सातवीत येते. प्रवेशाचे वर्ष आणि शाळा सोडल्याचे वर्ष अशा दोनच जागा ठेवल्या तर या मुलाने कोणती वर्षे लिहावीत? म्हणून शाळेतील प्रत्येक प्रवेशकाल हीदेखील स्वतंत्र नोंद असावी: कोणत्या वर्षी कोणत्या इयत्तेत आला, कोणत्या वर्षी कोणत्या इयत्तेतून गेला. ‘दहावीची तुकडी’ एवढेच विचारणारा अर्ज सातवीत शाळा सोडून गेलेल्याला नकळत सांगतो की तो या शाळेचा नव्हेच.

जन्मतारखेची गोष्टही विचारात घेण्याजोगी आहे. जूनमध्ये मुलाचे नाव शाळेत घालताना १ जून ही तारीख लावून देण्याची पद्धत कित्येक घरांना ठाऊक आहे. नोंदवहीतील तारीख आणि खरी तारीख यांत फरक असलेली माणसे थोडी नाहीत. ओळख पटवण्यासाठी जन्मतारीख विचारायचीच असेल, तर ‘शाळेच्या नोंदीप्रमाणे जन्मतारीख’ असे स्पष्ट विचारावे. वय मात्र कधीही साठवू नये. ते दर वर्षी खोटे ठरते. तारीख साठवावी आणि वय हवे तेव्हा मोजावे. दूरध्वनी क्रमांक हा नावाप्रमाणे अक्षरमाला म्हणून ठेवावा, संख्या म्हणून नव्हे. संख्या मानली की आरंभीचे शून्य आणि देशाच्या संकेतापूर्वीचे अधिक चिन्ह गळून पडते. भारतातील पिनकोड १९७२ पासून सहा अंकी आहे. तो सर्वांना सक्तीचा केला तर परदेशात स्थायिक झालेल्या विद्यार्थ्याला अर्ज पुढेच जाऊ देत नाही, आणि तो कंटाळून सहा शून्ये भरून मोकळा होतो. जो नियम माणसाला खोटे लिहायला लावतो, तो नियम नोंदवहीचे नुकसान करतो.

देवनागरी लिपीचा विचारही मॉडेलमध्येच व्हावा लागतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आहे, आणि वेबवर आज तिचे यूटीएफ-८ हे रूप सर्वत्र वापरले जाते. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट जागा लागते. ‘श्री’ हे एक अक्षर दिसते. साठवताना ते श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशा चार चिन्हांचे, म्हणजे १२ बाइटचे होते. जिथे रकान्याची मर्यादा बाइटमध्ये मोजली जाते, तिथे ३० बाइटच्या रकान्यात देवनागरीची अवघी दहा चिन्हे मावतात आणि लांब आडनाव मध्येच तुटते.

त्याहून सूक्ष्म अडचण ‘कऱ्हाडकर’ या आडनावात दडलेली आहे. त्यातला अर्धा र दोन रीतींनी टंकित होतो. एका कळफलकावर ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरले जाते, तर दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही नावे हुबेहूब सारखी. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी माणसे. युनिकोडचे नेहमीचे समानीकरणही या दोन रूपांना एक करत नाही. तेव्हा नाव साठवण्यापूर्वी ते एका ठरलेल्या रूपात आणण्याचा नियम मॉडेलमध्ये स्वतंत्रपणे लिहावा लागतो. वर्णानुक्रमाचेही असेच. मराठी वर्णमालेत ळ, क्ष आणि ज्ञ ही अक्षरे ह नंतर येतात. युनिकोडच्या क्रमांकांनुसार लावले तर ळ हा ल च्या लगेच मागे येऊन बसतो आणि क्ष हा क च्या घरात जातो. स्मरणिकेत छापायच्या यादीचा क्रम मराठी वाचकाला खटकू नये म्हणून मराठीचा वर्णक्रम मुद्दाम निवडावा लागतो. शिवाय शाळेच्या जुन्या याद्या शिवाजी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकित असतील, तर त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून मगच आत घ्याव्यात. अन्यथा फाँट बदलताच सारी यादी निरर्थक रोमन अक्षरांची होते.

मॉडेल असे ठरले की व्ह्यूकडे, म्हणजे अर्जाच्या पानाकडे वळावे. येथे विचार भरणाऱ्याचा करायचा असतो. महोत्सवी वर्षातील अर्ज पंचविशीतला अभियंता जसा भरेल तशाच सत्तरीला पोहोचलेल्या आजीही भरतील. अक्षरे मोठी हवीत. प्रत्येक चौकटीचे नाव चौकटीबाहेर, कायम दिसणारे हवे. फिक्या अक्षरांत आत लिहिलेली सूचना टंकन सुरू करताच नाहीशी होते आणि काय विचारले होते हेच विसरायला होते. अंध वापरकर्त्याचे वाचक-सॉफ्टवेअरदेखील हे नाव वाचून दाखवू शकते, मात्र ते चौकटीशी तांत्रिकदृष्ट्या जोडलेले असावे लागते. चूक झाली तर ‘अवैध माहिती’ असे दरडावण्याऐवजी ‘शाळा सोडल्याचे वर्ष प्रवेशाच्या वर्षाच्या आधीचे आहे, कृपया पुन्हा पाहावे’ असे त्या चौकटीपाशीच लिहावे. आणि भरलेली बाकी सर्व माहिती जागच्या जागी राहावी. एका चुकीसाठी वीस चौकटी पुन्हा भरायला लावणारा अर्ज अर्ध्या माणसांना दारातूनच परत पाठवतो.

व्ह्यूवर आणखी एक जबाबदारी आहे. कोणी खोडसाळपणे नावाच्या जागी संगणकीय आज्ञा लिहून पाठवली, तर ती पानावर आज्ञा म्हणून न चालता केवळ मजकूर म्हणून दिसली पाहिजे. आधुनिक टेम्प्लेटे हे काम बहुधा आपोआप करतात. ती सोय बंद करण्याचा मोह मात्र टाळावा.

आता राहिला कंट्रोलर. त्याच्याकडे दोन प्रकारच्या विनंत्या येतात. कोणी अर्जाचे पान उघडले की ‘गेट’ विनंती येते. तो कोरा अर्ज दाखवतो. कोणी ‘पाठवा’ दाबले की ‘पोस्ट’ विनंती येते. तो आलेली माहिती मॉडेलपुढे ठेवतो आणि विचारतो, ही नियमांत बसते का? बसत नसेल तर चुकांच्या सूचनांसह तोच अर्ज पुन्हा दाखवतो. बसत असेल तर नोंद करायला सांगतो आणि मग भरणाऱ्याला आभाराच्या वेगळ्या पानाकडे धाडतो. हे वेगळ्या पानाकडे धाडणे महत्त्वाचे. आभाराचा मजकूर त्याच उत्तरात दाखवला आणि भरणाऱ्याने पान पुन्हा लोड केले, तर ब्राउझर तीच माहिती पुन्हा पाठवू शकतो आणि एकाच माणसाची दोनदा नोंद होते. नोंद झाल्यावर दुसऱ्या पत्त्यावर पाठवले की पुन्हा लोड होते ते केवळ आभाराचे पान. यादीतील जुळ्या नोंदींमागे पुष्कळदा हेच साधे कारण असते.

तपासणी नेमकी कोठे करावी, हा प्रश्न नवशिक्यांना नेहमी पडतो. ब्राउझरमध्येच तपासले तर भरणाऱ्याला चूक चटकन कळते. ते सौजन्य आहे आणि ते जरूर करावे. परंतु ब्राउझर भरणाऱ्याच्या हातात असतो आणि तिथली तपासणी कोणालाही बंद करता येते. म्हणून अंतिम नियम मॉडेलमध्येच असला पाहिजे. खिडकीवर ‘फोटो जोडावा’ अशी पाटी असते म्हणून कारकून अर्ज न पाहताच स्वीकारत नाही, तसेच हे.

साठवणुकीतही एक सावधगिरी आहे. गोवा आणि वसई भागातील मराठी भाषकांत डिसूझा हे आडनाव परिचित आहे. रोमन लिपीत ते लिहिताना डी नंतर वरचा स्वल्पविराम येतो. आलेला मजकूर जसाच्या तसा साठवणुकीच्या आज्ञेत चिकटवणाऱ्या प्रणालीत तो स्वल्पविराम आज्ञा मध्येच तोडतो आणि अर्ज कोसळतो. प्रामाणिक माणसाच्या आडनावाने जे अपघाताने घडते, तेच दुर्जन जाणूनबुजून घडवतो आणि सारा तक्ता पळवतो किंवा पुसतो. उपाय दोन्हींवर एकच: आज्ञा आणि माहिती वेगवेगळ्या पाठवाव्यात. प्रत्येक चौकटप्रणालीत ही सोय असते आणि ती न वापरण्यास कोणतीही सबब चालू नये.

श्रोतेहो, एवढी विभागणी करून मिळते काय? पहिले फळ असे की पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनाचा अर्ज हवा झाला, तर नवा व्ह्यू आणि थोडासा कंट्रोलर लिहिला की काम होते; साठ वर्षांची माणसे पुन्हा विचारावी लागत नाहीत. छापील स्मरणिकेतील यादी, मोबाइलवरचा शोध, तुकडीवार पत्ते ही सारी एकाच नोंदवहीची निरनिराळी दर्शने होतात. दुसरे फळ असे की नियमांची परीक्षा वेगळी घेता येते. ‘दोन वेळा प्रवेश घेतलेला विद्यार्थी बसतो का’, ‘दोन रीतींनी लिहिलेले कऱ्हाडकर एकच सापडतात का’ हे प्रश्न अर्ज न उघडता मॉडेलला थेट विचारता येतात. तिसरे फळ सर्वांत मोलाचे. अशा प्रणाली बहुधा एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या सेवाभावावर उभ्या राहतात. त्याची नोकरी बदलते, संसार वाढतो, गाव सुटते. तीन भाग तीन जागी आणि प्रत्येकाचे काम स्पष्ट असेल, तर पुढच्या स्वयंसेवकाला ते चार दिवसांत समजून घेता येते. सारे एकात कालवलेले असेल, तर एका माणसाच्या जाण्याने शाळेची नोंदवहीच बंद पडते.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. संमेलनाला भोजनाची किती पाने लागतील एवढेच मोजायचे असेल, तर तयार मिळणारा फुकट अर्ज आणि एक तक्ता पुरेसा आहे. त्यासाठी हा सारा खटाटोप अनाठायी ठरेल. माहिती वर्षानुवर्षे टिकवायची आहे, अनेकांनी ती निरनिराळ्या कामांसाठी वापरायची आहे, अशा ठिकाणीच ही शिस्त आपला खर्च भरून काढते.

आणि जे टिकवायचे ते जपून विचारावे. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मंजूर केला. माहिती कोणत्या हेतूने घेतली जात आहे हे सांगणे, त्या हेतूपुरती संमती घेणे, आणि माणसाला स्वतःची माहिती दुरुस्त करण्याचा व काढून टाकण्याचा हक्क देणे, हा त्यामागचा विचार आहे. महोत्सवाच्या निमंत्रणासाठी दिलेला दूरध्वनी क्रमांक स्मरणिकेत छापला जाऊ नये. तेव्हा ‘निमंत्रणासाठी’, ‘यादीत छापण्यासाठी’, ‘वर्गमित्रांना कळवण्यासाठी’ अशा संमती वेगवेगळ्या घ्याव्यात आणि त्या मॉडेलमध्ये नोंदवाव्यात. यादी छापणाऱ्या भागाला संमती नसलेले नाव हाती लागताच कामा नये. ज्या माहितीचा उपयोग ठरलेला नाही, ती मागूच नये.

पालकवर्ग आणि माजी विद्यार्थी यांच्यापैकी कोणी प्रणाली लिहिणारे असतील, कोणी केवळ लिहून घेणारे. लिहून घेणाऱ्यांना तंत्राचा तपशील ठाऊक नसला तरी तीन प्रश्न अवश्य विचारता येतील. पहिला, अर्जाचे रूप बदलले तर जुन्या नोंदींना धक्का लागेल का? दुसरा, लग्नानंतर नाव बदललेली विद्यार्थिनी दोन्ही नावांनी सापडेल का? तिसरा, हे काम करणारा उद्या उपलब्ध नसेल तर दुसऱ्याला ते पुढे नेता येईल का? या तीन प्रश्नांना समाधानकारक उत्तरे मिळाली, तर रचना सुस्थितीत आहे असे समजावे.

आणि लिहिणाऱ्यांसाठी एक विनंती. पहिली चौकट आखण्यापूर्वी एक दिवस शाळेच्या कार्यालयात घालवावा. जुन्या नोंदवह्या उघडाव्यात आणि ज्येष्ठ लिपिकाला शेजारी बसवून विचारावे: नाव बदलले तर काय करतात, मूल परत आले तर नवा क्रमांक देतात की जुना, जन्मतारखेची दुरुस्ती कशी नोंदवतात, एकाच वर्गात एकाच नावाचे दोघे असले तर काय? या प्रश्नांची उत्तरे शाळेने साठ वर्षांत एकेक मूल दाखल करून घेताना शोधलेली आहेत. ती उत्तरे म्हणजेच मॉडेल. ती आधी मिळवली, तर पुढचे संगणकाचे काम खरोखरच सोपे आहे; आणि मग ज्या मुलीचे नाव एकदा या शाळेच्या वहीत लिहिले गेले, तिला आपले नाव तिथे पुन्हा सापडेल.